सुईणकाका

सुईणकाका ही जात अंडी उबवण्याच्या खोक्याभोवती आढळते. खोका घरीच केलेला असतो: थर्मोकोल, दोन बल्ब, एक थर्मोस्टॅट, पाण्याची वाटी आणि झाकणाला काचेची खिडकी. खिडकी बघण्यासाठी असते. काका झाकण उघडून बघतात. निवृत्ती, गावाकडचे घर आणि डझनभर गावरान अंडी जुळून आली की ही जात तयार होते.

कोंबडीचे अंडे 21 दिवसांत फुटते. पहिले 18 दिवस काका निरुपद्रवी असतात. 37.5 अंश तापमान वहीत टिपणे, दिवसातून तीनदा अंडी फिरवणे, रात्री बॅटरीच्या उजेडात अंड्यातले रक्तवाहिन्यांचे जाळे पाहुण्यांना दाखवणे, एवढ्यावर त्यांचे भागते. अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवायची नसतात, ओलावा वाढवायचा असतो आणि झाकणाला हात लावायचा नसतो. हात शिवशिवू लागतात ते इथूनच.

पिल्लू आधी अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच खुपसून श्वास घेते. मग चोचीवरच्या टोकदार उंचवट्याने कवचाला टवका पाडते आणि गप्प बसते. हा मुक्काम 12 ते 24 तासांचाही असतो. तेवढ्यात आतल्या पडद्यातले रक्त त्याला अंगात ओढून घ्यायचे असते आणि उरलेला बलक पोटात. काकांच्या हिशेबी ते अडलेले असते. सहाव्या तासाला ते चिमटा उकळायला ठेवतात. या वेळी कवच सोलले तर रक्त येते. मग घाम फुटतो तो काकांना.

चिमटा न लावताही बरेच साधता येते. घडोघडी झाकण उघडले की ओलावा निघून जातो, पडदा वाळून पिल्लाला चिकटतो आणि आता ते खरोखरच अडते. असे अडवलेले पिल्लू सोडवल्याचे श्रेय काका पुढे वर्षभर सांगतात.

मदतीची वेळ कधीकधी येते, नाही असे नाही. टवका पडून 24 तास उलटले तरी चीर पुढे सरकत नाही, पडदा वाळून तपकिरी, चिवट दिसतो, किंवा टवका भलत्याच, अरुंद टोकाला पडलेला असतो. अशा वेळी कोमट पाण्याच्या बोळ्याने पडदा ओलवायचा, कवचाची एकेक कपची काढायची, रक्ताचा ठिपका दिसताच अंडे परत उबेत ठेवून काही तास थांबायचे; शेवटची लाथ पिल्लालाच मारू द्यायची. काकांना हे तोंडपाठ असते. फक्त त्यांचे 24 तास टवका पडल्यापासून न मोजता पहिली शंका आल्यापासून मोजले जातात, आणि शंका आदल्या दिवशीच आलेली असते.

खोका ठेवलेल्या ओसरीवरच काकूंची खुडूक कोंबडी टोपलीत बसलेली असते. आतल्या चिवचिवीला ती घशातल्या घशात उत्तर देते, पण उठून बघत नाही. तिच्या पंखांखालून पिल्ले डोकावू लागतात तेव्हा काकू ओसरी झाडत असतात आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

बाहेर आलेल्या पिल्लाला पोटातल्या बलकावर दोन दिवस सहज निघतात. काका पहिल्याच तासाला तांदळाची कणी मांडतात. तेविसाव्या दिवशी खोक्यात दोन थंड अंडी उरतात. काका एकेक कानाशी धरतात. टकटक ऐकू येते. मनगटावरचे घड्याळ काढून ठेवायला त्यांना कोणी सांगत नाही.