मधल्या घरचं स्वयंपाकघर

अहो, जरा इकडे या की. कुंपणाला टेकू नका, कालच ऑइलपेंट मारलाय. ऐकलंत का, मधल्या घरच्या सूनबाईनं स्वयंपाकघर नवं केलं! नवं म्हणजे काय, जुन्यालाच... पण ओळखू येत नाही हो. आणि खर्च किती? पंधरा हजार. बोहरी आळीतल्या रिक्षाच्या फेऱ्या धरून!

कोपऱ्यावरच्या वहिनींचं तर तुम्हाला माहीतच आहे. साडेचार लाखांचं मॉड्युलर. दाखवायला हळदीकुंकवाचं निमित्त काढलं होतं, आठवतंय ना? तर त्यांचं सिंकखालचं कपाट पावसाळ्यात फुगलं. दार लागतच नाही! बाहेरून पाट टेकवून ठेवतात म्हणे. कामाच्या मावशी दोघींकडे एकच, मग कळायला किती वेळ... कंत्राटदारानं प्लाय म्हणून भुश्शाचा बोर्ड मारला. अहो, पाण्याच्या जागी मरीन प्लाय लागतो, शीटवर आयएस ७१० असा छाप असतो, तेवढा बघून घ्यायचा. पण या शॅम्पेन गोल्ड की रोझ गोल्ड, यातच अडकलेल्या.

तर काय सांगत होते... हां, सूनबाई. हिनं आधी काही आणलंच नाही. नुसतं काढलं. कपाटांतून काय निघावं? श्रीखंडाचे रिकामे डबे! एकात एक, एकात एक, पार छतापर्यंत. सासूबाई म्हणाल्या, ‘लागतात गं कधीतरी.’ ही म्हणाली, ‘झाकणं कुठंयत, आई?’ झालं. तोंड एवढंसं झालं त्यांचं. दोन दिवस बोलल्या नाहीत.

मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून सगळी दारं घासली. वर्षानुवर्षांच्या फोडणीचा चिकटा तो! खालून सनमायकाचा मूळ क्रीम रंग निघाला, आणि घरात कुणाला तो आठवेच ना. वरची कपाटं तेवढ्यावरच भागली बघा. खालच्या दारांना मात्र रंग द्यायचा ठरला. नवरोबा डबा उघडून तयार, ‘सरळ मारून टाकू.’ ही म्हणाली, ‘गुळगुळीत सनमायकावर रंग धरत नाही, आठवड्यात पोपडे निघतील.’ आणि हातात दिला पॉलिश पेपर. अख्खा रविवार खरवडत बसले होते बिचारे, मी गच्चीतून बघत होते ना. मग प्रायमर, मग इनॅमलचे दोन हात. मोरपंखी रंग. मला वाटलं होतं भडक दिसेल, पण नाही हं, छान दिसतोय.

हँडलं बोहरी आळीतली. दुकानदार नवीन फॅशनची लांब हँडलं पुढं करत होता, पण ही पट्टी घेऊन गेलेली. जुन्या दोन भोकांतलं अंतर ९६ मिलिमीटर, तेवढ्याच मापाची हवीत म्हणाली. नाहीतर दाराला नवी भोकं पाडा, जुनी लांबी भरून बुजवा, वर परत रंग... हुशार आहे हो पोरगी.

ओटा कडप्प्याचाच ठेवला. सगळ्यांनी सांगून पाहिलं, ग्रॅनाइट टाक, ग्रॅनाइट टाक. पण ओटा फोडला की सिंक आलं, नळ आला, भिंतीच्या टाइल्स आल्या, पंधरा हजार तिथंच संपले असते. तिनं फक्त टाइल्सच्या सांध्यांतलं काळं पडलेलं खरवडून एपॉक्सी भरून घेतलं. पांढरं सिमेंट तेल पितं, हे पीत नाही. आणि वरच्या कपाटाखाली एलईडीची पट्टी. आधी दिवा पाठीमागं होता, भाजी चिरताना आपलीच सावली विळीवर पडायची. माझ्याकडे अजून पडते, ते जाऊ दे...

हां, नणंदेचं राहिलंच! ती ऑनलाइन मागवलेला संगमरवरी डिझाइनचा स्टिकर घेऊन आली, गॅसमागं लावायला. ही म्हणाली, ‘वन्सं, तिथं उष्णतेनं आणि तेलानं कडा सुटतात. ड्रॉवरच्या आत लावूया, छान दिसेल.’ ड्रॉवरच्या आत! नणंदेचा चेहरा बघण्यासारखा झाला म्हणे.

सासूबाई मात्र आता खूश. माळ्यावरची त्यांची पितळी पातेली खाली काढली, कल्हई करून आणली आणि उघड्या फळीवर मांडली. आल्यागेल्याला ‘ही माझ्या माहेरची’ सुरू असतं. श्रीखंडाच्या डब्यांचं नाव नाही.

आणि परवा काय झालं, कोपऱ्यावरच्या वहिनी आल्या बघायला. सगळीकडे बोट फिरवून म्हणाल्या, ‘छान आहे हं. साधंसंच.’ सासूबाई चहा गाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘हो ना. पण दारं लागतात हो आमची.’

अहो, चहा अर्धा टाकून उठल्या वहिनी! मी तिथंच होते, विरजण मागायला गेलेले.

एक आहे मात्र. फ्रिजमागची भिंत रंगवलेली नाही, पिवळीच आहे. वाकून बघितलं मी.