आधी घेणाऱ्याचा भुर्दंड

कोलकात्यातल्या खिदिरपूरच्या फॅन्सी मार्केटची ख्याती परदेशी मालाची, आणि तिथले कसलेले गिऱ्हाईक भाव निम्मा केल्याशिवाय बोलणीच सुरू करत नाही. ऑक्युलस रिफ्टबाबत हे घासाघीस न करताच घडले. मार्च २०१६मध्ये हा आभासी वास्तवाचा (व्हीआर) हेडसेट ५९९ डॉलरला आला, तगडा संगणक वेगळा. हातातले टच कंट्रोलर डिसेंबरात, आणखी १९९ डॉलरला. पुढच्या जुलैत दोन्ही मिळून ३९९! म्हणजे उत्साहाची किंमत वस्तूइतकीच. पहिल्यांदा कुणी घेतलेच नाही तर तंत्र सुधारणार कसे, असे म्हणतील. रास्त आहे, पण २०१४मध्ये फेसबुकने सुमारे दोन अब्ज डॉलरना विकत घेतलेल्या ऑक्युलस कंपनीला गेमवेड्या पोराच्या वर्गणीची इतकी निकड नसावी. राहिला वाट न पाहता आजच मिळणाऱ्या आनंदाचा मुद्दा. तो खराच, फक्त त्यात हेडसेटमुळे होणारी मळमळही धरावी.