मिंक दोषी, कोट निर्दोष

वॉटर व्होल हा ब्रिटनमधल्या नद्या, ओढे आणि कालव्यांच्या काठी राहणारा, उंदराच्या नात्यातला सस्तन प्राणी आहे. अंगाने गुबगुबीत, तोंडाने बोथट, वजनाने साधारण पाव किलो. दिवसाकाठी तो स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के गवत आणि लव्हाळे फस्त करतो. केनेथ ग्रॅहम यांच्या १९०८ सालच्या ‘द विंड इन द विलोज’ या पुस्तकातला रॅटी तो हाच. पुस्तकामुळे तो घराघरांत पोहोचला आणि त्याच शतकात नदीकाठावरून नाहीसा होत गेला. १९८९-९० ची देशव्यापी पाहणी १९९६-९८ मध्ये पुन्हा झाली, तेव्हा मधल्या काळात व्होलची संख्या जवळपास ९० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. रॅटीची पुस्तके मात्र खपतच होती.

व्होलची संरक्षणव्यवस्था साधी आहे. चाहूल लागली की तो ‘डुबुक’ आवाज करत पाण्यात सूर मारतो, पाठलाग करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पायांनी गाळ ढवळतो आणि काठातल्या बिळात शिरतो. बिळाचे एखादे दार पाण्याखालीही असते. बगळा बिळात शिरू शकत नाही, कोल्हा मावत नाही, पाणमांजराचा देह आडवा येतो. हजारो वर्षे अशा शत्रूंपुढे ही व्यवस्था पुरली.

पाणमांजराच्याच कुळातला अमेरिकन मिंक मात्र या हिशेबात नव्हता. तो पोहतो आणि बुडी मारतो. त्याची मादी इतकी सडपातळ असते की व्होलच्या बिळात सरळ आत जाते. पिलांना दूध पाजण्याच्या दिवसांत एक मादी ओढ्याचा एक अख्खा पट्टा व्होलमुक्त करू शकते.

मिंक ब्रिटनमध्ये स्वतःच्या मर्जीने आला नाही. १९२९ पासून त्याला फरसाठी आणून पिंजऱ्यांत वाढवले गेले. कोटासाठी कातडे हवे होते आणि कातड्याच्या आत प्राणी असणे ही त्यातली एक गैरसोय होती. पिंजऱ्याची कडी नीट लागली नाही की ती गैरसोय जवळच्या नदीकडे निघून जाई. १९५६ मध्ये डेव्हनमधल्या टीन नदीवर मिंकने मोकळ्यावर संसार थाटल्याचे नक्की झाले. मिंक पाळायला परवाना लागेल, असा नियम त्यानंतरच्या दशकात आला. नदीतल्या मिंकांनी परवान्यासाठी अर्ज केले नाहीत.

मिंकच्या प्रसाराला पुढे सद्‍हेतूचाही हातभार लागला. १९९८ मध्ये हॅम्पशायरमधल्या एका फर-फार्ममधून प्राणिमुक्तीच्या कार्यकर्त्यांनी हजारो मिंक सोडून दिले. मुक्ती मिंकची झाली. वाटेत येणाऱ्या इतर प्राण्यांचे मत विचारलेले नव्हते. शिकाऱ्यांनीही आपल्या परीने निसर्गाची काळजी घेतली. १९७८ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये पाणमांजराला कायद्याचे संरक्षण मिळताच त्याच्यामागे धावणाऱ्या शिकारी कुत्र्यांच्या काही टोळ्या मिंककडे वळवल्या गेल्या. कुत्रे तेच, नदी तीच, फक्त कारण परोपकाराचे झाले. २००४ च्या शिकारबंदी कायद्याने ही परोपकारी प्रथाही संपवली.

व्होलच्या ऱ्हासाचा सगळा दोष मिंकच्या माथी मारता येत नाही. शेतीसाठी पाणथळी आटवल्या गेल्या, ओढे सरळ केले गेले, गुरांनी काठ तुडवले. उरलेला व्होल तुकड्यातुकड्यांत अडकला आणि मिंकने ते तुकडे एकेक करून संपवले. मात्र ट्रॅक्टर पिंजऱ्यात मावत नाही, त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यात मिंक उभा आहे.

मिंकच्या नियंत्रणाचे मुख्य साधन म्हणजे तराफा. पाण्यावर तरंगणाऱ्या फळीवर एक छोटा बोगदा असतो आणि त्यात ओली माती व वाळू थापलेला तबकाएवढा थर. मिंकला बोगदा दिसला की आत डोकावल्याशिवाय राहवत नाही, आणि मातीत त्याचे पंजे उमटतात. ठसे मिळाले की त्याच जागी पिंजरा बसतो. अलीकडे पिंजऱ्याचे दार पडताच कार्यकर्त्याच्या मोबाइलवर संदेश येतो, त्यामुळे रोज काठ तुडवत जाण्याचे कष्ट वाचतात. चुकून अडकलेला दुसरा प्राणी सोडून देतात. मिंकला मोकळ्यावर सोडणे हा कायद्याने गुन्हा असल्यामुळे त्याला मारले जाते. १९२९ मध्ये त्याच्यासाठी पिंजरा होता, आजही आहे. मधल्या काळात फक्त मृत्यूचा उद्देश बदलला.

या कामातली खरी अडचण नकाशाची आहे. एका जमीनमालकाने पिंजरा लावला आणि शेजारच्याने लावला नाही, तर रिकाम्या झालेल्या जागेत पुढच्या हंगामात नवा मिंक येतो, कारण तरुण मिंक कित्येक किलोमीटर भटकत घर शोधतात. तुकड्यातुकड्याने केलेले नियंत्रण म्हणजे मिंकसाठी जागा रिकामी करून देण्याची कायमस्वरूपी योजना. पूर्व इंग्लंडमध्ये नॉर्फक आणि सफक परगण्यांत स्वयंसेवक, जमीनमालक आणि संस्थांनी नदीखोऱ्यांचा सलग पट्टा हाती घेतला, तेव्हा काही वर्षांतच तिथे मिंकची वीण थांबल्याचे दिसले. व्होल काठांवर पुन्हा पसरू लागले. परत येणाऱ्या पाणमांजरांमुळेही काही भागांत मिंकला जपून राहावे लागते.

जबाबदारीचे वाटप असे झाले आहे. इंग्लंड व वेल्समध्ये २००० च्या कायद्याने फरसाठी प्राणी पाळण्यावर बंदी आली. कारण नदीचे नव्हे, सार्वजनिक नीतिमत्तेचे होते. व्यवसाय बंद झालेल्या मालकांना इंग्लंडमध्ये भरपाई देण्याची योजना २००४ मध्ये आली. २००८ पासून इंग्लंडमध्ये व्होललाही पूर्ण कायदेशीर संरक्षण आहे. त्याला मारणे किंवा त्याचे बीळ मोडणे हा गुन्हा ठरतो. हा कायदा मिंकला लागू होत नाही, म्हणून तराफा लागतो, आणि तो तपासायला बहुतेक वेळा बिनपगारी स्वयंसेवक जातो.