आधी तवा, मग जगबुडी

‘द विचर ३’ हा २०१५ सालचा पोलंडमध्ये तयार झालेला व्हिडिओ गेम. त्याचा नायक गेराल्ट म्हणजे पांढऱ्या केसांचा, पाठीवर दोन तलवारी वागवणारा, राक्षस मारून पोट भरणारा गडी. मुलुखात युद्ध पेटलेलं आहे आणि हा आपल्या हरवलेल्या प्रेयसीच्या मागावर निघाला आहे. अशात वाटेवरच्या एका बंद झोपडीसमोर त्याला एक म्हातारी अडवते. तिचा तवा आत अडकलाय. कुणा परक्या माणसानं मागून नेला, दार लावलं आणि गेला. तेवढा काढून दे म्हणते.

आणि गेराल्ट देतो. दार फोडतो, आत शिरतो, घासूनपुसून लख्ख केलेला तवा शोधून म्हातारीच्या हातात ठेवतो. बक्षीस म्हणाल तर अगदीच किरकोळ. प्रेयसी तोवर हरवलेलीच. तिला घाई नसावी.

मुख्य कथेशी संबंध नसलेल्या, केल्या तर केल्या, नाही तर नाही अशा या कामांना खेळणारी मंडळी ‘साइड क्वेस्ट’ म्हणतात. माझा भाचा या कामांत इतका रमतो की त्याचा नायक जगाला वाचवायला कधी पोचणार, याची काळजी मलाच लागते. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाला, “मावशी, मेन स्टोरी थांबते गं. आपण गेल्याशिवाय सुरूच होत नाही.”

हे मात्र खरं आहे. ‘स्कायरिम’ या दुसऱ्या खेळात जगाला गिळायला निघालेला ड्रॅगन तुम्ही मध्ये आठ दिवस कोबी वेचत बसलात तरी गिळायचा थांबतो. त्यामागे खेळ करणाऱ्यांचा हिशेब असतो. सरळ मुख्य कथेच्या मागे धावलात तर शेवटचा राक्षस तुम्हाला दोन फटक्यांत आडवा करील; वाटेतली लहानसहान कामं करता करता अंगात बळ येतं, गाठीला पैसे येतात, बरी तलवार मिळते. शिवाय सारखी जगबुडी चालू राहिली तर माणूस कंटाळतो. आणि एखाद्या गावावर संकट आलंय याचं वाईट वाटायचं, तर त्या गावात तवा हरवलेली एखादी म्हातारी आपल्या ओळखीची असावी लागते.

अर्थात सगळ्याच साइड क्वेस्टमध्ये अशी म्हातारी नसते. बहुतेकांमध्ये डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह मिरवणारा एखादा आळशी इसम असतो आणि तो दहा लांडग्यांची कातडी आणायला सांगतो. आणली की वीस अस्वलांची. ‘स्कायरिम’मध्ये तर असली काही कामं संगणकच जुळवून देतो, त्यामुळे ती जन्मात संपत नाहीत. हा निव्वळ वेळकाढूपणा आहे, असं माझं मत.

पण कातड्याच्या कामाला एकदम हसू नये. जव्हारचं राज्यच एका कातड्यावर उभं राहिलं, असं दंतकथा सांगते. जायबा मुकणे या कोळी सरदारानं तिथल्या वारली नायकाकडे फक्त एका बैलाच्या कातड्याखाली मावेल एवढी जमीन मागितली. नायकानं हसत हो म्हटलं असणार. जायबानं त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि त्यांनी सगळी टेकडी वेढून घेतली. कार्थेज वसवणाऱ्या डायडो राणीचीही हीच गोष्ट सांगतात, म्हणजे युक्ती जुनी आहे. भाच्याच्या भाषेत हा ‘एक्स्प्लॉइट’. खेळाच्या नियमातली फट. पुढे १३४३ साली दिल्लीच्या सुलतानानं जायबाच्या मुलाला राजा म्हणून मान्यता दिली आणि ते संस्थान थेट १९४८ सालच्या विलीनीकरणापर्यंत टिकलं.

शिवाजी महाराजही जव्हारला आले ते दुसऱ्याच मोठ्या कामाला जाता जाता. काम सुरतेचं होतं, साल १६६४. वाटेत जव्हारजवळच्या माळावर मुक्काम पडला. राजा विक्रमशाह भेटीला आला आणि त्यानं महाराजांच्या शिरपेचात तुरा खोवला, असं स्थानिक लोक सांगतात. तो माळ शिरपामाळ. चांगल्या खेळात अशी वाटेवरची गाठभेट पुढे कधी तरी उपयोगी पडते. इतिहास तेवढा आखीवरेखीव नसतो: १६७२ मध्ये महाराजांचेच मोरोपंत पिंगळे फौज घेऊन आले आणि त्यांनी याच विक्रमशाहाकडून जव्हार घेतलं.

आजही जव्हार-मोखाड्याच्या वाट्याला बरेच लोक जाता जाताच येतात. नाशिककडून येणाऱ्यांचं खरं काम त्र्यंबकेश्वरला असतं. पुढे घाट उतरून मोखाडा, मग जव्हार, राजवाडा आणि वेळ उरलाच तर दाभोशाचा धबधबा. आम्ही मात्र खास मोखाड्यासाठी निघालो होतो. बोहाडा पाहायला.

बोहाडा म्हणजे सोंगांचा उत्सव. शिमग्यानंतरच्या उन्हाळ्यात या भागातल्या गावोगावी वेगवेगळ्या दिवशी होतो. देवदेवता, राक्षस, पुराणातली माणसं असे नाना तऱ्हेचे मुखवटे. कुठे लाकडाचे, कुठे कागदाच्या लगद्याचे. जव्हारजवळच्या रामखिंडीत ते करणारे कारागीर आहेत. बहुतेक सोंगांचा मान घराण्यांत चालत आलेला असतो: रावण या घराचा, नरसिंह त्या घराचा. घरात सोंग आलं की ते नाचवायचं.

मुख्य कथा अशी की देवी महिषासुराला मारते. एवढंच सांगायचं तर अर्ध्या तासात आटोपेल. प्रत्यक्षात रात्र चढायला लागली की गल्लीच्या एका टोकाला सांबळ आणि पिपाणी सुरू होते, टेंभे पेटतात आणि आधी गणपती येतो. मग शारदा. मग एकामागून एक सोंगं येतच राहतात. भीम येतो, बकासुर येतो, त्राटिका येते आणि लहान पोरं किंचाळत आयांच्या पदरात शिरतात. मुखवटा जड, तो डोक्याला फडक्यानं आवळून बांधलेला, म्हणून नाचणाऱ्याची मान ताठ. पाय मात्र सांबळाबरोबर दोन पावलं पुढे, एक मागे असे चालतात. अख्खी गल्ली पार करायची ती याच चालीनं.

दोन तास झाल्यावर भाच्याला राहवेना. त्यानं शेजारच्या आजोबांना विचारलं, “आजोबा, महिषासुर कधी येणार?”

“येल की पहाटं,” आजोबा म्हणाले. “आदी बाकीच्यांना तं येऊं द्या.”

आजोबांचा नातू त्राटिकेच्या मागे टेंभा धरून चालला होता. आजोबांच्या दृष्टीनं त्या रात्रीचं मुख्य कथानक तेच असावं. महिषासुर तर दर वर्षी मरतोच. गावातला प्रत्येक जण देवी होऊ शकत नाही, पण बावन्न घरांना बावन्न सोंगं देता येतात, आणि मग त्या रात्री कुणीच नुसता प्रेक्षक राहत नाही. भूमिका वठवण्याचे खेळ मोठमोठ्या कंपन्या आज कोट्यवधी खर्चून बनवतात, त्यांना अजून ही वाटणी साधलेली नाही. तिथे एक जण नायक, बाकी सगळे उद्गारचिन्हं.

पहाटे महिषासुर आला तेव्हा भाचा माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला होता. मी उठवलं नाही.

जव्हारच्या बाजारातही अशी आडकामं मिळतात, फक्त पावसाच्या तोंडावर जायला हवं. रस्त्याकडेला बाया शेवळ्याच्या रानभाजीचे वाटे मांडून बसतात. पहिल्यांदा गेले तेव्हा एक वाटा उचलला, तर बाईनं माझा हातच धरला. “ताई, काकडं कुठं हायेत? बिगर काकडांची शेवळं खाल तं घसा खाजवंल.” काकडं म्हणजे आवळ्याएवढी हिरवी आंबट फळं, ती तिच्याकडे संपली होती, चार माणसं सोडून बसलेल्या तिच्या जावेकडे होती. जावेकडे गेले तर तिच्याकडे सुटे नव्हते, म्हणून नोट मोडायला चहावाल्याकडे. चहावाला फुकट नोट मोडून देईना, म्हणून चहा. १९९३ सालच्या ‘लिंक्स अवेकनिंग’ या खेळात नायक बाहुली देऊन रिबन घेतो, रिबन देऊन कुत्र्याचं खाणं, ते देऊन केळी, आणि असं करत करत शेवटी भिंगापर्यंत पोचतो. मी चहापर्यंत पोचले. भाजी मात्र उत्तम झाली.

एक खेळ मात्र असा आहे की त्यात घड्याळ थांबत नाही. १९९७ सालचा ‘फॉलआउट’. अणुयुद्धानंतर जमिनीखालच्या तळघरात दडून राहिलेल्या वस्तीचं पाणी शुद्ध करणारं यंत्र बिघडतं. त्याचा एक सुटा भाग शोधून आणायला नायकाला १५० दिवस मिळतात. तेवढ्यात तो आला नाही तर वस्ती तहानेनं मरते आणि खेळ संपतो. एक सवलत आहे. बाहेरच्या बाजारपेठेत पाण्याचे व्यापारी असतात. त्यांना पैसे मोजून वस्तीकडे पाण्याचा तांडा पाठवला की १०० दिवस वाढवून मिळतात.

भाच्यानं हे मोखाड्याहून परतताना सांगितलं. तो बोलत होता तेव्हा आमची एसटी एका टँकरच्या मागे अडकली होती. वळणावर विहीर होती. बाया रिकामे हंडे घेऊन कठड्याला टेकून उभ्या होत्या आणि टँकरवाला विहिरीत नळी सोडत होता. पावसाळ्यात या डोंगरांवर धो धो कोसळतं आणि मार्च उजाडला की पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहणं सुरू होतं. मोखाडा तालुक्यातच वैतरणा नदीवर मुंबई महानगरपालिकेचं १०२ मीटर उंचीचं मध्य वैतरणा धरण आहे. २०१४ साली ते पुरं झालं. मुंबईला दिवसाला ४५.५ कोटी लिटर पाणी देण्यासाठी ते बांधलेलं आहे.

खेळात “पाणी आणून दे” हे सगळ्यात कंटाळवाणं काम समजतात आणि बरेच खेळाडू ते टाळतात. भाचा खिडकीबाहेर पाहत होता. टँकर हलला, एसटी पुढे सरकली, आणि त्यानं विचारलं, “मावशी, यांना स्किप करता येत नाही ना?” मी नाही म्हटलं. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि सहाव्या इयत्तेतला मुलगा बराच वेळ गप्प बसणं ही घटना साधी नाही.

तर, बोहाड्याला जरूर जा. कुठल्या गावात कधी आहे ते आधी विचारून घ्या, कारण गावागणिक दिवस बदलतो. नुसता महिषासुर पाहायचा म्हणून पहाटे पोचू नका, गणपतीपासून बसा. आणि उन्हाळ्यात जाताना पिण्याचं पाणी घरूनच भरून न्या.