बचतीचे अंतिम स्थान

बचत कशात ठेवावी या प्रश्नावर मराठी मध्यमवर्गात दोन पंथ आहेत: सोनेपंथ आणि कॉइनपंथ. सोनेपंथी गुरुपुष्याला, दुपारच्या उन्हात रांग लावून वेढणी घेतात. कॉइनपंथी रात्री दीड वाजता, पांघरुणात, मोबाइलवर खरेदी करतात. हातात धरता येत नाही ती संपत्ती नव्हे, असे पहिल्यांचे मत. हातात धरता येते ती चोरालाही धरता येते, असे दुसऱ्यांचे. दोन्ही पंथ बहुधा एकाच घरात राहतात आणि रविवारच्या जेवणावर एकमेकांचा उद्धार करतात.

सोने गंजत नाही, अडीनडीला दुपारपर्यंत रोख होते आणि लग्नकार्यात दिसते. दोष एवढाच, की दागिना घेताना सोन्यावर 3 टक्के जीएसटी, वर घडणावळ, त्या घडणावळीवरही जीएसटी. आणि मोडताना घडणावळीचा विषय कोणी काढत नाही. बचतीचा आरंभ तोट्याने होतो आणि तो तोटा मखमली डबीतून घरी येतो. चांदीचेही असेच, ती जागा जास्त खाते आणि काळी पडते.

बिटकॉइन 2009 साली सुरू झाले. त्याची एकूण संख्या 2 कोटी 10 लाखांपुढे जाणार नाही, हे कॉइनपंथी आरतीसारखे म्हणतात. नोव्हेंबर 2021 मध्ये 69 हजार डॉलरपर्यंत चढलेला भाव पुढच्या नोव्हेंबरात 16 हजारांच्या आसपास होता, हे म्हणत नाहीत. एप्रिल 2022 पासून भारतात अशा व्यवहारांच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि तोटा दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही. नफ्यात सरकार भागीदार, तोट्यात धनी एकटा.

कॉइनचा खरा कणा मात्र एक कागद आहे. स्वतःच्या ताब्यातले वॉलेट उघडले की 12 किंवा 24 शब्द मिळतात. ते 2048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतले असतात आणि क्रमाने जपून ठेवावे लागतात. ते हरवले तर कॉइन गेले. तक्रार करायला खिडकी नाही, कारण खिडकी नसणे हेच तर या व्यवस्थेचे वैशिष्ट्य. बँक नको, मध्यस्थ नको, साहेब नको. म्हणून हे शब्द मोबाइलमध्ये ठेवू नयेत, मेलवर ठेवू नयेत, कागदावर पेनाने लिहावेत आणि तो कागद सुरक्षित जागी ठेवावा, असा सल्ला दिला जातो. सुरक्षित जागा म्हणजे बँकेचे लॉकर.

येथे दोन्ही पंथ एकत्र येतात. आईच्या पाटल्या आणि मुलाचे बारा शब्द एकाच पत्र्याच्या खणात पडून राहतात. लॉकरच्या करारानुसार त्यात दागिने आणि कागदपत्रे ठेवता येतात, रोकड किंवा चलन ठेवता येत नाही. कॉइन हे भविष्यातले चलन आहे असे मुलगा मानत असेल, तर त्याचा कागद तिथे ठेवायचा की नाही हा बारीक प्रश्न आहे. सुदैवाने आयकराच्या कायद्याने त्याला ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ म्हटले आहे. सरकारचे काही न मानणाऱ्या क्रांतीचा कागद असा सरकारच्याच व्याख्येमुळे आईच्या पाटल्यांशेजारी बसतो. पण लॉकर आधी मिळायला हवे. ग्राहक विचारायला गेला की शाखेत एकही लॉकर रिकामे नसते. यादीत नाव घालू, म्हणतात. मग कोणीतरी हळूच मुदत ठेवीचा विषय काढते, ठेवीपाठोपाठ विम्याचा, आणि विम्याच्या अर्जावर सही होताच कोपऱ्यातले एक लॉकर रिकामे होते, जणू त्याचा धनी त्याच क्षणी गाव सोडून गेला. नियम असा की लॉकरसाठी फार तर तीन वर्षांचे भाडे आणि कुलूप तोडण्याचा खर्च निघेल एवढीच ठेव मागता येते. विमा तर मागताच येत नाही. हा नियम ग्राहकाला ठाऊक नसतो आणि काउंटरवरच्या माणसाला पक्का ठाऊक असतो. स्वतःच्या मंगळसूत्राला जागा मिळावी म्हणून निवृत्त शिक्षिकेने पंधरा वर्षांची पॉलिसी का घ्यावी? हा विनोद नाही, ही लूट आहे, आणि ती पंख्याखाली, चहा देऊन, ‘मॅडम, मॅडम’ म्हणत केली जाते.

लॉकरमध्ये काय आहे हे बँकेला ठाऊक नसते. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पटीपर्यंत असते. भाडे 3,000 रुपये धरले, तर 3 लाख. दहा ग्रॅम सोने लाखाच्या वर गेल्यावर त्यात तीन तोळेही बसत नाहीत. बारा शब्दांची किंमत किती धरायची, याबद्दल करार काही बोलत नाही. पूर आणि भूकंप आले, आणि बँकेचा हलगर्जीपणा नसला, तर काहीच मिळत नाही.

लॉकर मिळावे म्हणून नाइलाजाने केलेल्या मुदत ठेवीला मात्र, व्याज धरून, 5 लाखांपर्यंत विमा असतो.