सीलबंद ट्रकांचे मालक

अमेरिकेत एक जमात अशी आहे, जी ट्रक विकत घेते, पण तो रस्त्यावर सोडाच, टेबलावरही उभा करत नाही. १९७०च्या सुमारास एएमटी कंपनीने पीटरबिल्ट ३५९, केनवर्थ डब्ल्यू-९२५ अशा अजस्र ट्रकांचे १:२५ प्रमाणातले प्लास्टिकचे किट काढले. पोरांनी ते जोडावेत, बोटांना गोंद फासून घ्यावा, एवढीच माफक अपेक्षा. ती पोरं आता आजोबा झाली आणि किट झाले ‘ठेवा’. खोक्यावरचं प्लास्टिक फाटलं की किंमत पडते. म्हणून जी वस्तू जोडण्यासाठीच जन्मली, ती न जोडणं हीच इथली निष्ठा.

आत मात्र काळ आपलं काम चोख करतो. डेकल, म्हणजे ट्रकवर चिकटवायची चित्रं, पिवळी पडतात. मऊ व्हिनाइलचे टायर शेजारच्या भागाला टेकले, तर त्यांतलं रसायन किटचं पॉलिस्टायरीन प्लास्टिक खातं आणि केबिनच्या टपावर टायरची नक्षी उमटते. मालकाला पत्ताच नाही, कारण खोकं उघडायचं नाही! त्यात एखादी कंपनी जुने साचे पुन्हा बाहेर काढते, ताज्या डेकलांसह तोच ट्रक बाजारात येतो आणि दुर्मीळपणाची हवा गुल. मग हे भाविक कंपनीच्या नावानं बोटं मोडतात.

बाबांनो, बोटं मोडण्यापेक्षा ती गोंदात बुडवा. खोकं फोडा, ट्रक जोडा. नाहीतर वारस विकतीलच, तेही रद्दीच्या भावात.