टबार्थी

इमारतीला वीस वर्षं होतात, बाथरूममधल्या टाइल्सचे सांधे काळे पडतात, खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल येते आणि नेमका त्याच सुमारास गृहकर्जाचा शेवटचा हप्ता फिटतो. हे चार ग्रह एका राशीला आले की कोथरूडपासून ठाण्यापर्यंत कुठल्याही मध्यमवर्गीय घरात टबार्थी जन्माला येतो. वय साधारण पंचावन्न. लहानपण बंबाच्या पाण्यावर आणि पितळी घंगाळावर गेलेलं, संसार प्लास्टिकच्या बादलीवर झालेला. रोजची अंघोळ सात मिनिटांत उरकून, कानाच्या पाळीमागे साबण तसाच ठेवून बस गाठणारा हा माणूस. बाथरूम नव्याने करायचं ठरतं, कंत्राटदार टेप सोडून मापं घेतो आणि विचारतो, “साहेब, शॉवर मोठा देऊ ना? मध्ये काचेचं पार्टिशन टाकतो.” तेव्हा साहेब घसा खाकरतात, एकदा दाराकडे बघतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, “टब बसेल का हो?” दाराकडे बघण्याचं कारण दारातच उभं असतं. “अहो,” ते म्हणतं, “त्यात उतरायचं कुणी?”

माझं म्हणणं असं की टबार्थीला टब नकोच असतो. त्याला सवड हवी असते, आणि ती सॅनिटरीवेअरच्या दुकानात मिळते असा त्याचा समज झालेला असतो. पुरावा हवा असेल तर टबात बसून काय करणार, एवढंच त्याला विचारून बघा. रविवारची सकाळ, मंद आवाजात भीमसेन, हाताशी चहा, एखादं जाडजूड पुस्तक, फोन बंद, असं सगळं तो सांगेल. अंग घासण्याचा उल्लेख त्यात चुकूनही येणार नाही. हे चित्र त्याने तीन ठिकाणांहून गोळा केलेलं असतं. एक, हिंदी सिनेमातला गळ्यापर्यंतचा फेस. दोन, कंपनीच्या खर्चाने झालेला पंचतारांकित हॉटेलातला मुक्काम. तिथे पाणी दुसऱ्याने तापवलेलं, फरशी दुसऱ्याने पुसलेली आणि बिल तिसऱ्याने भरलेलं असतं. तीन, परदेशी गेलेल्या मुलाचं घर. शॉवरला असं काहीच भाग्य लाभलेलं नाही. निवृत्तीनंतर मनसोक्त शॉवर घेईन, अशी इच्छा उराशी बाळगणारा मनुष्य अजून जन्मायचा आहे. त्यामुळे घरात टब की शॉवर हा वाद निघतो तेव्हा तो बरोबरीचा नसतोच. एका बाजूला नळाला जोडायची वस्तू असते आणि दुसऱ्या बाजूला एक अख्खं न जगलेलं आयुष्य. अशा वादात स्वप्नाला स्वप्नाने उत्तर देता येत नाही, म्हणून हिशेब मांडावा लागतो.

आपल्याकडचं बरं म्हणण्यासारखं बाथरूम म्हणजे पाच बाय आठ, चाळीस चौरस फूट. सर्वांत लहान, माणूस पाय दुमडून मावेल असा टब पाच फूट लांब आणि अडीच फूट रुंद. म्हणजे साडेबारा चौरस फूट, जवळजवळ एक तृतीयांश खोली. ज्या भागात चौरस फुटाचा भाव पाच आकडी आहे, तिथे टबाखालची नुसती जमीन सव्वा लाखाच्या पुढे जाते. टबाची किंमत वेगळी. मग पाणी. हा लहान टबही नीट भरायला सुमारे दीडशे लिटर लागतं. शहरातल्या माणसाला दिवसभरात पिणं, स्वयंपाक, धुणंभांडी, अंघोळ आणि फ्लश मिळून 135 लिटर पाणी द्यावं, असं आपल्या पाणीपुरवठ्याचं सरकारी प्रमाण सांगतं. टबार्थी ते सगळं एका बैठकीत, किंवा एका लोळणीत म्हणा, संपवून वर पंधरा लिटर उसने घेतो. बादली-तांब्याची अंघोळ वीस लिटरमध्ये होते, आणि तीही डोक्यावरून.

पण खरा घोळ गीझरपाशी होतो. टबार्थीच्या घरात असतो पंचवीस लिटरचा गीझर. त्यातलं साठ अंशांचं पाणी विसण घालून अंगाला सोसेल असं केलं तर फार तर साठ लिटर होतं. दीडशे लिटरसाठी तो गीझर जवळजवळ तीनदा तापवावा लागतो, आणि दोन किलोवॉटच्या कॉइलला एका खेपेला अर्धा तास लागतो. तिसरी खेप येईपर्यंत पहिली खेप कोमट होऊन पुढे गार पडू लागलेली असते. रविवारच्या त्या निवांत सकाळी टबार्थी कमरेला पंचा गुंडाळून, उघड्या अंगाने, गीझरच्या लाल दिव्याकडे बघत तासभर उभा राहतो. विजेचं बिल फार येत नाही, दोन-तीन युनिटांचाच मामला आहे. टबाच्या विरोधकांनी उगाच त्याचा बाऊ करू नये. तसंच टबाच्या वजनाने स्लॅब खाली येईल, अशी भीती घालणारा एक नातेवाईक प्रत्येक घरात असतो. पाणी, माणूस आणि टब मिळून पाव टनाच्या आसपास भरतात, त्यामुळे शंका रास्त आहे. पण ती इंजिनिअरला विचारावी, मेहुण्याला नव्हे.

यावर टबार्थीचा पहिला आक्षेप बिनतोड असतो. मोठा शॉवर काय कमी पाणी पितो? बरोबर आहे. छताला लावायचा ताटाएवढा ‘रेन शॉवर’ मिनिटाला पंधरा लिटर सहज ओततो. त्याखाली दहा मिनिटं गुणगुणत उभं राहिलं की टबाएवढंच पाणी गेलं. शिवाय इमारतीच्या वरच्या मजल्यांवर त्याची आणखी एक फजिती होते. पाण्याला दाब मिळतो तो गच्चीवरच्या टाकीच्या उंचीमुळे. दहा मीटर उंचीला एक बार. शेवटच्या मजल्यावर ही उंची जेमतेम तीन-चार मीटर, म्हणून तिथल्या रेन शॉवरमधून पाऊस न पडता पागोळ्या गळतात. ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्याने देशभरात प्लंबर पाठवले आहेत, त्यांच्यापैकी एखादा आपल्याकडे कामाला असला तर दुकानात पैसे भरण्याआधीच मान हलवून सांगतो, “साब, प्रेशर नहीं आयेगा.” त्याचं कुणी ऐकत नाही. मग प्रेशर पंप बसतो, आणि पहाटे कुणी अंघोळीला गेलं की सगळा मजला जागा होतो. तेव्हा शॉवर म्हणजे काटकसर असं मीही म्हणणार नाही. फरक एवढाच की शॉवरला मधेच बंद करायची चावी असते. साबण लावताना पाणी थांबवलं तर अंघोळ अपुरी राहत नाही. टबाला मात्र पूर्ण भरण्यावाचून गती नाही. अर्धा भरलेला टब म्हणजे खालून कोमट आणि वरून कुडकुडणारा माणूस.

दुसरा आक्षेप सागरापलीकडून येतो. “अमेरिकेत घरोघरी टब असतात.” असतात खरे. साठ इंच लांब, तीस इंच रुंद, भिंतीत बसवलेले. पण मुलाकडे तीन महिने राहून आलेल्या टबार्थीने तिथे नेमकं काय केलं? टबाबाहेर पडदा ओढला, वर लावलेल्या शॉवरची चावी फिरवली आणि टबात उभं राहून अंघोळ केली. तिथले बहुतेक लोकही तेच करतात. हा टब पुष्कळदा उंच काठाची मोरी म्हणूनच वापरला जातो, आणि काठ ओलांडताना पाय घसरायची सोय त्यात फुकट मिळते. घर विकताना एक तरी टब असावा असं तिकडचे दलाल सांगतात, कारण लहान मुलांना त्यात अंघोळ घालतात. आपल्याकडे हे काम पाटावर बसून, पाय लांब करून, बाळाला पायांवर आडवं घेऊन होतं; त्याला टब लागत नाही, बाळाची दृष्ट काढणारी आजी लागते.

अभ्यासू टबार्थी मग जपानचा दाखला काढतो. जपानी माणूस टबात बसतो हे खरं, पण अंग घासून, धुऊन, स्वच्छ झाल्यावर बसतो. म्हणजे टबाशेजारी मोरी पाहिजेच. दुसरं, ते पाणी एकामागून एक सगळं घर वापरतं. ही पद्धत आपल्याकडे आणायची तर पहिला नंबर कुणाचा, सोवळ्यातल्या सासूबाई त्यात उतरणार की नाही, आणि जावयाला कितव्या नंबरचं पाणी द्यायचं, एवढे तीन प्रश्न सोडवावे लागतील. त्यातला पहिलाच सुटणार नाही.

देशाभिमानी टबार्थी सर्वांत शेवटी मोहेंजोदडो बाहेर काढतो. साडेचार हजार वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांचा टब होता! तिथलं ते महास्नानगृह सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि जवळजवळ अडीच मीटर खोल आहे. उतरायला दोन्ही टोकांना पायऱ्या आहेत आणि पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर दिलेला आहे. त्या वॉटरप्रूफिंगची हमी देणारा कंत्राटदार आज मिळाला तर त्याच्या पाया पडावं. पण हे झालं गावाचं. त्याच शहरात लोकांच्या घरांत काय होतं? भाजक्या विटा घट्ट सांधून केलेला न्हाणीचा चौथरा, त्याला एका कोपऱ्याकडे उतार आणि तिथून बाहेरच्या गटारात जाणारी मोरी. पाणी अंगावर घ्यायचं आणि वाहून जाऊ द्यायचं. टब सार्वजनिक आणि घरात उताराची मोकळी जागा, हा निकाल त्या मंडळींनी तेव्हाच लावून टाकला होता. आज काचेचं पार्टिशन टाकून जिला कंत्राटदार ‘शॉवर एरिया’ म्हणतो आणि वेगळे पैसे लावतो, ती हीच न्हाणी.

एक आक्षेप मात्र मी आदराने ऐकतो. पाठ धरली आहे, सांधे दुखतात, गरम पाण्यात पडून राहिलं की बरं वाटतं. हे खोटं नाही. टबार्थी ज्याला सरसकट ‘जकुझी’ म्हणतो, त्याचा उगमही दुखण्यातूनच झाला. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेलं जकुझी हे इटालियन कुटुंब आधी विमानांचे पंखे आणि मग विहिरीचे पंप करायचं. घरातल्या एका लहान मुलाला संधिवात होता. त्याच्यासाठी 1950 च्या सुमारास त्यांनी टबात सोडायचा पंप तयार केला, आणि चैनीचा माल म्हणून तो पुढे जगभर गेला. आपल्याकडेही पंप करणारी नामांकित घराणी झाली, पण त्यांनी तो उसाच्या फडावरच ठेवला. तर ज्याला डॉक्टरने गरम पाण्यात बसायला सांगितलं आहे, त्याने टब जरूर घ्यावा. बाकीच्यांनी एक विचार करावा. टबाचा काठ दीड फुटाच्या आसपास उंच असतो. ज्या गुडघ्यांसाठी तो घ्यायचा, त्याच गुडघ्यांनी तो ओलांडायचा, तोही ओल्या पायांनी, आणि शेक घेऊन अंग सैल पडल्यावर परत एकदा. दुखणाऱ्या गुडघ्याला सपाट, खरखरीत टाइल, भिंतीला पक्का दांडा आणि बसायला एक ओटा यांचा उपयोग जास्त. दारात उभी असलेली व्यक्ती पहिल्या दिवसापासून हेच सांगत असते. तिला मोठा शॉवरही नको असतो. खाली एक नळ, बादली राहील एवढी जागा आणि पाणी बाहेर येऊ न देणारा उंबरा हवा असतो. पण आराखड्यावर तिचं मत ‘स्टोरेज’ या सदरात टाकलेलं असतं.

इतकं सांगूनही टब येतोच. लिफ्टमध्ये मावत नाही, चार माणसं जिन्याने चढवतात, प्रत्येक मजल्यावर एकेक दार किलकिलं होतं. पहिल्या रविवारी टबार्थी त्यात उतरतो. गुडघे पाण्याबाहेर राहतात, पुस्तकाचा कोपरा भिजतो, चहा ठेवायला जागा नसते आणि दहाव्या मिनिटाला बाहेरून हाक येते, “अहो, झालं का? भांडीवाली आलीय, नळाला पाणी नाही.” दुसऱ्या रविवारी लग्न असतं. तिसऱ्या रविवारी गॅस सिलिंडर येणार असतो. दिवाळीच्या पहाटे उटणं लावून तो पाटावर बसतो, कारण उटण्याने टबाची जाळी तुंबेल असं त्याला बजावलेलं असतं. हळूहळू टबात आधी बादल्या येतात, मग कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड, मग पावसाळ्यात ओल्या छत्र्या. अनंत चतुर्दशीला घरच्या शाडूच्या गणपतीचं विसर्जन त्यात होतं, आणि त्या वर्षात गळ्यापर्यंत पाण्यात बसणारे तेवढे एकच. मात्र पाणीकपात जाहीर झाली की त्याच टबाला घरात मान येतो. आदल्या रात्री तो काठोकाठ भरला जातो आणि दारातली व्यक्तीही म्हणते, बरं झालं घेतला ते.

तेव्हा निकाल असा. बाथरूम दोन असतील, घरात पाण्याचं दुखणं नसेल आणि डॉक्टरांची चिठ्ठी असेल, तर टब घ्या. एकच बाथरूम असेल तर जागा मोकळी ठेवा, शॉवर साधा आणि हाताने उचलता येईल असा घ्या, बादलीचा नळ काढू नका. टाइल्स बसवण्याआधी तळात पाणी साठवून दोन दिवस तसंच ठेवायला लावा आणि त्या दोन दिवसांत खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत स्वतः बघून या. रिकाम्या हाताने जाऊ नका.